ज्याचं पान त्याला

मी संस्थेचं अध्यक्षपद सोडते आहे असं जाहीर केलं तेव्हा मनातून माझी अपेक्षा होती की कुणीतरी म्हणेल, "ताई, आणखी दोन वर्षं तरी थांबा." समिती सात जणांची. सातही जणांनी माना डोलावल्या. एक जण तर "बरं झालं" म्हणाला, मग जीभ चावली आणि आलूबोंड्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली. मी आलूबोंडा खाल्ला. घरी आल्यावर मात्र नवऱ्यापाशी तासभर धुसफुसले. तो म्हणाला, "पण तूच तर जाते म्हणालीस ना?" नवऱ्यांना नेमकं नको तेव्हा बरोबर बोलायची सवय असते.

आमची संस्था लहान. लकडगंजात, लाकूड चिरणाऱ्या आरामशीनच्या वर दोन खोल्या. माणसाची माहिती त्याची स्वतःची असते, ती त्याला विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये आणि घेतलीच तर पसरवू नये, एवढंच आम्ही लोकांना सांगायचो आणि त्यासाठी भांडायचो. रेशनच्या मशीनवर बोट उमटत नाही म्हणून परत पाठवलेले मजूर यायचे. दवाखान्यातला रिपोर्ट कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला म्हणून एक सून रडत आली होती. खाली मशीन सुरू झालं की वर आम्हाला ओरडून बोलावं लागे. दुसऱ्यांची गुपितं जपणाऱ्यांचं ऑफिस, आणि बोलणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं. यावर मी बरेचदा चिडायचे, पण तेवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळत नव्हती.

या कामाचं वेड मला लागलं ते टेलिफोन एक्सचेंजमध्ये. तरुणपणी मी ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून दिला की आपण कानावरून हेडफोन काढायचा, असा नियम. मी दर वेळी काढत नसे. एकदा एका बाईने बहिणीला सांगितलेली फार खाजगी गोष्ट मी पूर्ण ऐकली. पुढे दोन महिन्यांनी ती बाई मला एका लग्नाच्या पंगतीत भेटली, आवाजावरून ओळखलं. तिने मला आग्रह करकरून वाढलं. तिला काहीच माहीत नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं. मी अर्धं ताट तसंच टाकून उठले. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

म्हणून संस्था काढली तेव्हा पहिला नियम केला तो विसरण्याचा. प्रकरण संपलं की त्या माणसाचे सगळे कागद दर शुक्रवारी एका निळ्या बादलीत भिजत घालायचे, हाताने कुस्करून लगदा करायचा, आणि फोनमधला, कॉम्प्युटरमधला त्याचा नंबर पुसून टाकायचा. माझी आई असल्या लगद्यात मेथीचं पीठ घालून टोपल्या करायची, म्हणून मला हे सुचलं असावं. सहा महिने काही हललं नाही तर प्रकरण संपलं समजायचं, हाही नियम माझाच. बाकीच्या ऑफिसांत विसरलात म्हणून बोलणी बसतात, आमच्याकडे लक्षात ठेवलंत म्हणून बसायची. ती बसवणारी अर्थात मी.

माझ्या जागी आली ती बत्तीस वर्षांची वकील. सात वर्षांपूर्वी आमच्याकडे मदतीला म्हणून आलेली, कमी बोलणारी, आणि जे बोलेल ते पाळणारी. कार्यभार देण्याच्या दिवशी तिने माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. किल्ल्या, शिक्का, पासवर्ड, एकेक लिहून घेतलं.

"ताई, अजून काही तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

हे खोटं होतं. माझ्या घरच्या कपाटात, साड्यांच्या खाली, अकरा डायऱ्या होत्या. रोज संध्याकाळी घरी जाऊन चहा झाला की मी लिहायला बसत असे. आज कोण आलं, कुठलं, काय म्हणालं, कोणाची कोण. आमचं घराणं राजांच्या दफ्तरापासून कारकुनी करणारं. आजोबा, वडील, काका सगळे लिहिणारे. एक्सचेंजमध्येही प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहून हात तयार झालेला. लिहिलं नाही तर दिवस झालाच नाही असं मला वाटतं. आणि स्वतःची समजूत मी मोठी छान घातली होती. ऑफिसात असते ती माहिती, माझ्या डायरीत आहेत त्या आठवणी. अकरा वर्षं ही समजूत मला पुरली.

पद सोडल्यावरही मी रोज ऑफिसात जात होते. सल्लागार म्हणून. सल्ला कुणी मागत नव्हतं, तरी मी देत होते. दोनदा सवयीने जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. ती काही न बोलता बाकावर बसून काम करत राहिली, आणि मीच ओशाळून उठले.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते पत्र आलं. एका सरकारी आयोगाचं. मंगळवारी सकाळी अकराला सुनावणी, तक्रारदार बाईने स्वतः हजर राहावं, नाहीतर तक्रार कायमची निकाली काढण्यात येईल. सोबत आमच्याच तक्रारीची प्रत जोडलेली.

ती वाचताच मला सगळं आठवलं. हुडकेश्वरकडच्या एका मोठ्या सोसायटीत ही बाई पाच घरची धुणीभांडी करायची. फाटकावर ॲप होतं. कामवालीने आत जाताना त्यात चेहरा दाखवायचा. एका घरातली सोन्याची बांगडी दिसेना, तर तिथल्यांनी त्या ॲपमधला तिचा फोटो काढून त्यावर लाल अक्षरात 'चोर' लिहिलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ॲपमध्ये तिच्या नावापुढे लाल खूण लागली. त्या भागातल्या बऱ्याच सोसायट्यांत तेच ॲप, त्यामुळे एकाही फाटकातून तिला आत घेईनात. पंधरा दिवसांनी बांगडी त्याच घरात, गादीखाली सापडली. तरी ग्रुपवरचा फोटो कुणी काढून टाकला नाही, खूण कुणी पुसली नाही. आम्ही तक्रार केली. उत्तर आलं नाही. सहा महिने उलटले, आणि नियमाप्रमाणे तिचे कागद बादलीत गेले, नंबर पुसला गेला.

सुनावणीला ती आली नाही तर ती लाल खूण तशीच राहणार होती. आणि ती कुठे आहे हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. तक्रारीवर तिचा पत्ता नव्हता, आमचा होता. माझा पत्ता कुणाला देऊ नका असं ती म्हणाली होती, म्हणून आम्हीच तो लपवला होता. इतका नीट लपवला की आता आम्हालाच सापडेना. असली चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते.

मला मात्र तो सापडणार होता. त्या संध्याकाळी मी साड्या बाजूला करून डायरी काढली. पान लगेच मिळालं. 'भाऊ कामठीला असतो. माग आहे.' गल्लीचं नाव, जवळची खूण, सगळं होतं. माझं अक्षर मला फार आवडलं त्या क्षणी. मग नजर वरच्या ओळीवर गेली. ती बाई पहिल्यांदा आली त्या दिवशी, बांगडी सापडायच्या आधी, मी लिहिलं होतं, 'डोळ्याला डोळा देत नाही. बांगडी उचललीही असेल.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. अक्षर माझंच. बांगडी सापडल्यावर मी ही ओळ खोडली नव्हती. खोडायची असते हे मनातही आलं नव्हतं. सोसायटीने फोटो काढला नाही, मी ओळ काढली नाही. त्यांचा फोटो निदान दोनशे लोकांनी पाहिला होता आणि माझी ओळ फक्त मी, एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकावर मी अकरा वर्षं भाषणं दिली होती.

शनिवारी मी ऑफिसात गेले, पण डायरीचं सांगितलं नाही. नवी अध्यक्ष दिवसभर हुडकेश्वरला उन्हात फिरून संध्याकाळी परत आली. सोसायट्यांच्या फाटकांपाशी थांबून तिने कामाला जाणाऱ्या बायकांना विचारलं होतं. ती गेली, कुठे गेली माहीत नाही, एवढंच कळलं. त्या बायकांनी दाखवलेल्या तिच्या जुन्या खोलीच्या मालकिणीनेही तेच सांगितलं. समितीतले एक जण वैतागून म्हणाले, "हा बादलीचा नियमच मूर्खपणाचा आहे."

"नियम बरोबर आहे," ती म्हणाली. "तिने लपवा म्हटलं, आपण लपवलं. आता शोधायचे कष्ट आपले. उद्या पुन्हा जाईन."

माझा नियम ती माझ्यापेक्षा जास्त मानत होती. मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

रविवारी सकाळी मी कुणाला न सांगता कामठीच्या शेअर ऑटोत बसले. बेत साधा होता. बाईला गाठायचं, मंगळवारी यायला सांगायचं, आणि ऑफिसात 'योगायोगाने भेट झाली' म्हणायचं. डायरीचं नाव काढायचं नाही. वाटेभर मी ते वाक्य मनात घोळवत होते, आणि ते मला अगदी खरं वाटायला लागलं होतं.

भावाच्या घराला लागून पत्र्याचं शेड होतं, आत दोन पॉवरलूम खडखडत होते. ती बाहेर ओट्यावर धाग्याच्या कांड्या भरत बसली होती. मला पाहून उठली, पण हसली नाही. आधी तिने गल्लीत मागे कुणी येतंय का ते पाहिलं.

"ताई, तुमाले कोणं सांगतलं मी इथं आहो म्हणून?"

योगायोगाचं वाक्य तयार होतं. ते तिच्या तोंडाकडे पाहून मला म्हणता येईना. "तूच सांगितलं होतंस. चहा पिताना," मी म्हटलं.

"ते त मी बोलता बोलता बोलली. कागदावर नाही लिवलं."

"मी लिहून ठेवलं होतं. घरी."

"तुमी त म्हणे सारं पाण्यात टाकता."

तिची भावजय दारात येऊन उभी राहिली होती. धिप्पाड, कपाळाला आठ्या. तिने सगळं ऐकलं होतं. "त्या सोसायटीवाल्याईनं बी असंच न सांगता ठेवलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने पाणी घेऊन आली. मी ते प्यायले.

पत्राचं सांगितलं तशी बाईने हातातली कांडी भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "येईन मी मंगळवारी. त्या फाटकातून मले ताठ मानेनं जायचं आहे एकडाव. काम नाही केलं तिथं तरी चालते. पण ताई, माह्यं तुमी जे लिवलं आहे ना, ते पान मले पाहिजे. झेरॉक्स नाही, तेच पान."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? परतताना ऑटोत शेजारच्या बाईने तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं.

सोमवारी ऑफिसात नवी अध्यक्ष एकटीच होती. खाली आरामशीन जोरात चाललं होतं, म्हणून मला माझा गुन्हा ओरडून सांगावा लागला. बाई सापडली, कशी सापडली, सगळं सांगितलं.

"किती जणांचं लिहिलंत असं?" तिने विचारलं.

"अकरा डायऱ्या."

ती खाली बसली. एरवी ऑफिसात ती प्रमाण भाषेत बोलते. आता म्हणाली, "काहून, ताई? काहून केलं तुम्ही असं?"

"विसरायची भीती वाटते गं," मी म्हटलं. "आमच्या घरात सगळे लिहिणारेच."

"आमच्या घरात उलटं झालं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गाव सोडलं, इथे आले. पण आमच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं होतं ना, ते मागे मागे येत राहिलं. शाळेत, नोकरीत. ते पुसता पुसता तीन पिढ्या गेल्या. तुमचं भाषण मी कॉलेजात ऐकलं, तेव्हा वाटलं, या बाईंना हे कळतं. म्हणून मी इथे आले."

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी विषय बदलला. पान तर द्यायचंच आहे, म्हटलं, पण त्यात एक ओळ अशी आहे की ती वाचून बाईला वाईट वाटेल. तेवढी खोडून देते. डायरी तिच्यापुढे धरली.

तिने डायरी हातात घेतली नाही. "मी वाचणार नाही. ते तिचं आहे. पान जसं आहे तसं द्या, खाडाखोड नको."

"तिला किती लागेल याचा विचार कर."

"तिला लागेल म्हणून खोडता, की तुम्हाला?"

मग माझा तोल गेला. ही संस्था मी उभी केली तेव्हा तू कुठे होतीस, खालून उडणाऱ्या लाकडाच्या भुशात मी एकटी खोकत बसले होते, आणि आता तू मला शिकवणार का, असं पुष्कळ बोलले. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हे सगळं खरं आहे. पण आता ठरवायचं मला आहे. ज्याचं पान त्याला. या बाईपासून सुरुवात, मग बाकीचे. तुम्ही स्वतः शोधायचं, स्वतः नेऊन द्यायचं. आणि ते होईपर्यंत ऑफिसला येऊ नका."

समितीने माना डोलावल्या तेव्हा माझं पद गेलं नव्हतं. ते त्या सोमवारी दुपारी गेलं. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं हायसंही वाटत होतं, कारण संस्था आता नीट माणसाच्या हातात आहे हे मला पहिल्यांदाच कळलं होतं.

मंगळवारी ती बाई वेळेच्या आधी आली. इस्त्रीची साडी, सोबत भावजय. सुनावणी छोट्याशा खोलीत झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की फाटकावरच्या नोंदी सुरक्षेसाठी असतात, आणि मग आमच्याकडे वळून हसत विचारलं, "तुम्ही तर म्हणे कुणाची काहीच नोंद ठेवत नाही. मग ही बाई तुम्हाला सापडली कशी?"

मी मान खाली घातली. नवी अध्यक्ष उभी राहिली.

"चुकीच्या मार्गाने सापडली," ती म्हणाली. "आमच्याकडे तिच्याबद्दल तिला न विचारता लिहून ठेवलं होतं. ते आम्ही आज तिला परत देतो आहोत. तुमच्याकडे आहे ते तुम्हीही द्या."

सेक्रेटरींनी कागद चाळायला घेतले. पुढे फार वेळ लागला नाही. फोटो काढून टाकायचा, लाल खूण पुसायची, आणि ज्या ग्रुपवर चोर म्हटलं त्याच ग्रुपवर, तिचं नाव घेऊन, तिची माफी मागायची, असं ठरलं. बाईने ते दोनदा समजावून घेतलं. "त्याच ग्रुपवर ना?" तिने अधिकाऱ्यांना विचारलं. ते हो म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बाई आणि तिची भावजय बसल्या. मी डायरीतून फाडलेलं पान पर्समधून काढलं. एकही अक्षर खोडलेलं नव्हतं. बाईने पान घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि भावजयीकडे दिलं. बाईला स्वतःला हाताने लिहिलेलं वाचणं नीट जमत नसे.

"वाच वं," ती म्हणाली.

भावजयीने ओळीखाली बोट धरलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'आज एक बाई आली. वय पस्तीसच्या आसपास. हिरवी साडी. चहात साखर जास्त मागितली.'"

"हे बी लिवलं?" बाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"'हात सारखे पदराला पुसत होती.'" बोट पुढच्या ओळीवर आलं आणि थांबलं. भावजयीचे ओठ न बोलता हलले. तिने ती ओळ मनात पूर्ण वाचली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. घ्यायचा मला हक्क नव्हता. मग तिचं बोट एक ओळ खाली सरकलं.

"'भाऊ कामठीला असतो. माग आहे. भावजय कशी आहे विचारलं तर म्हणाली, चांगली आहे, समजून घेते.'" हे शेवटचं तिने दोनदा वाचलं.

"मंधात थांबली काहून?" बाईने विचारलं.

"लागत नव्हतं," भावजय म्हणाली. तिने पानाची चार वेळा घडी घातली आणि ते आपल्या पिशवीत अगदी तळाशी ठेवलं. "ताईचं अक्षर लय खराब आहे."

"हो," मी म्हटलं. "खराब आहे."